हायब्रिड यूव्ही घेण्याआधी बिलबुक उघडा

प्रश्न संगमनेरहून आला आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे दहा फुटी सॉल्व्हंट फ्लेक्स मशीन आणि पाच फुटी इको-सॉल्व्हंट आहे. सनबोर्ड, ॲक्रिलिक, एसीपीची कामं हल्ली वाढलीत. ती मी नाशिकला पाठवतो, नाहीतर व्हिनाइल छापून शीटवर चिकटवतो. विक्रेता म्हणतो हायब्रिड यूव्ही घ्या, शीट आणि रोल दोन्ही एकाच मशीनवर, जागा वाचेल, जुनं सॉल्व्हंट विकूनही टाकता येईल. घेऊ का? की फ्लॅटबेड बरं?" हे शब्द ज्यांना नवे आहेत त्यांच्यासाठी: सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट मशीन द्रावकातली इंक वापरून फ्लेक्स, व्हिनाइलसारख्या रोलवर छापतात. यूव्ही मशीनची इंक अतिनील प्रकाशाने घट्ट होते. फ्लॅटबेड म्हणजे सपाट शीटवर छापणारं मशीन. सनबोर्ड ही फोमची हलकी शीट, आणि एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधे प्लास्टिक असलेली शीट.

आधी माझी बाजू सांगतो. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं छपाईचं काम आहे, बावीस वर्षं झाली. २०१७ ला हायब्रिड घेतलं, सहा वर्षं चालवलं. आता शीटला फ्लॅटबेड आणि रोलला वेगळं मशीन आहे. मशीन विकणं हा माझा धंदा नाही, त्यामुळे कुणाची भलामण करण्यात मला रस नाही. तरीही "घ्या" किंवा "नको" एवढ्या एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण खरं उत्तर तुमच्या बिलबुकात आहे आणि ते मी पाहिलेलं नाही.

विक्रेता खोटं बोलत नाही. हायब्रिडवर शीटही छापते आणि रोलही. तो सांगत नाही ते एवढंच, की एका वेळी एकच. शीट चालू असताना रोल थांबतो आणि रोल चालू असताना शीट भिंतीला टेकून उभ्या राहतात. आज तुमच्याकडे दोन मशीन एकाच वेळी धावतात. जुनं विकून हायब्रिड आणलं, तर आज सॉल्व्हंटवर जाणारा बॅनर उद्या सनबोर्डच्या मागे रांगेत उभा राहणार.

हे मला गणपतीच्या आदल्या आठवड्यात कळलं. एका बाजूला मंडळांचे बॅनर, दुसऱ्या बाजूला एका शोरूमचे साठ सनबोर्ड. शीटवरून रोलवर यायचं म्हणजे पुढचं-मागचं टेबल काढा, रोल शाफ्टवर चढवा, मीडिया सरळ लावा, इंक फवारणाऱ्या हेडची उंची बदला, फीडचं, म्हणजे माल पुढे सरकण्याचं, कॅलिब्रेशन करा, नोझल चेक काढा, म्हणजे हेडची सगळी छिद्रं इंक सोडतात का ते छापून बघा. सगळं सुरळीत झालं तर अर्धा तास, आणि रोल तिरका लागला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी आम्ही चार वेळा बदल केला. दोन तास नुसत्या उठाठेवीत गेले. दुसऱ्या दिवसापासून नियम केला, दिवसा शीट आणि रात्री रोल, मधे कुणीही ओरडलं तरी बदल नाही. नियम टिकला, पण ऑपरेटरला रात्रपाळी द्यावी लागली.

शिवाय वाढदिवसाचा बॅनर तीन दिवस चौकात लटकतो आणि चौथ्या दिवशी कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. त्याला यूव्ही इंकचे पैसे कोण देणार? ते काम सॉल्व्हंटचंच. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. काहीही घेतलं तरी सॉल्व्हंट विकायचं नाही.

आता यंत्राच्या आत काय होतं ते समजून घ्या, कारण निवड त्यावरच ठरते. फ्लॅटबेडमध्ये शीट जागची हलत नाही. व्हॅक्यूम तिला बेडवर धरून ठेवतो आणि हेडचा पूल तिच्यावरून सरकत जातो. हायब्रिडमध्ये उलटा प्रकार. पूल जागेवर, हेड फक्त आडवं पळतं आणि माल बेल्टवरून पाऊल-पाऊल पुढे ढकलला जातो. एक पाऊल ८ मिमीचं धरलं तर आठ फुटी शीटला, म्हणजे २४४० मिमीला, ३०५ पावलं होतात. प्रत्येक पावलाला माल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा एका बाजूला सरकला, तरी शेवटाला ३ मिमीचा फरक पडतो. सनबोर्डच्या फोटोत हा फरक दिसत नाही. बॉर्डर असलेल्या पाटीत मात्र लगेच दिसतो. एका सराफाच्या आठ फुटी एसीपी पाटीवर आमची शिरोरेषा घाटाला लागल्यासारखी चढत गेली होती. डावीकडे बॉर्डर कडेपासून बारा मिमी, उजवीकडे आठ. गिऱ्हाइकाने टेप काढली नाही, नुसतं लांब उभं राहून डोकं वाकडं केलं, आणि मी पाटी परत गाडीत टाकली.

बेल्ट चांगला असेल, व्हॅक्यूम दमदार असेल आणि शीट पहिल्यांदा ठोकळ्याला नीट टेकवली असेल तर हे टळतं. महागड्या हायब्रिडमध्ये हे जमून येतं. स्वस्तातल्या ज्या मशीनांत बेल्टच नसतो, नुसते रोलर शीटला चिमटीत धरून ओढतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. त्यांनाही हायब्रिडच म्हणतात.

मग हायब्रिड कुणाच्या कामाचं? ज्याच्याकडे हलकी, सपाट, एकसारखी शीट भरपूर आहेत त्याच्या. ३ आणि ५ मिमी सनबोर्ड, प्रदर्शनाचे पॅनेल, दुकानातली डिस्प्ले पाटी. एकामागून एक शीट लावत जायची, पहिली पुढून बाहेर पडेपर्यंत दुसरी मागून आत. फ्लॅटबेडला शीट उतरवून दुसरी चढवेपर्यंत हेड रिकामं उभं असतं. त्याखेरीज रोलमधलं जे भारी काम आहे, बॅकलिट फिल्म, वॉलपेपर, वन-वे व्हिजन, कॅनव्हास, ते हायब्रिडवर सुंदर निघतं आणि छापल्या क्षणी कोरडं असतं. सॉल्व्हंटसारखं लॅमिनेशनआधी रात्रभर सुकत ठेवावं लागत नाही.

आणि कुणाच्या कामाचं नाही? काच, टाइल, दाराचं पॅनेल, जाड एमडीएफ असली वजनदार कामं ज्याच्याकडे येतात त्याच्या. बेल्टला वजनाची मर्यादा असते, आणि मर्यादेच्या आतलं वजनही पाऊल चुकवतं. ट्रॉफी, की-चेन, मोबाइल कव्हर, सन्मानचिन्ह असली बारीक कामं साच्यात बसवून छापायची असतात, तीही फ्लॅटबेडचीच. शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं तुमच्या भागात जोरात असतील तर हे काम छोटं समजू नका. जागेचं म्हणाल तर हायब्रिडला पुढे-मागे टेबलं लावली की ते फ्लॅटबेडएवढीच जागा खातं, कधी जास्तच. रोल चालवताना टेबलं काढून ठेवायला कोपरा लागतो तो वेगळा.

इंकबद्दल विक्रेते सगळ्यात कमी बोलतात, म्हणून मी जरा जास्त बोलतो. यूव्ही इंक सुकत नाही, ती प्रकाशाने घट्ट होते, प्लास्टिकच बनते म्हणा ना. ते प्लास्टिक कडक हवं की लवचीक, हा सगळा प्रश्न. कडक इंक ॲक्रिलिकवर, एसीपीवर छान बसते, नखाने निघत नाही. पण तीच रोल-अप स्टँडीवर छापली की स्टँडी चार-सहा वेळा गुंडाळल्यावर आडव्या भेगा पडतात. लवचीक इंक फ्लेक्सबरोबर वाकते, पण ॲक्रिलिकवर मऊ राहते, वाहतुकीत दोन शीट एकमेकांवर घासल्या की चरे पडतात. हायब्रिडला मधली इंक देतात, जी दोन्हीकडे चालते. चालते म्हणजे भागते. कुठेच उत्तम नाही, कुठेच टाकाऊ नाही. आणि आज कडक, उद्या लवचीक असं करता येत नाही. बदलायची तर टाकी, नळ्या, डॅम्पर, हेड सगळं धुवावं लागतं आणि धुताना इंक वाया जाते. म्हणजे मशीन दोन प्रकारचा माल घेत असलं तरी इंक तुम्हाला एक बाजू निवडायला लावतेच.

याला एक अपवाद आहे. एचपीने २०१८ मध्ये लेटेक्स आर मालिका काढली, आर १००० आणि आर २०००. ती यूव्ही नाही, पाण्यावर आधारलेली लेटेक्स इंक आहे, शीट आणि रोल दोन्हींवर. इंकचा थर पातळ आणि ताणला जाणारा, म्हणून घडी घातली तरी तडा जात नाही. उत्तम मशीन आहे, पण तालुक्याच्या धंद्यातून त्याचा हप्ता निघेल असं मला वाटत नाही. मोठ्या शहरात, मोठ्या ब्रँडची कामं असतील तर विचार करावा.

मालावर इंक धरते की नाही हा आणखी एक भाग. सनबोर्ड बिनतक्रार धरतो. काच आणि काही ॲक्रिलिक प्रायमरशिवाय धरत नाहीत, निदान आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तरी घ्यावं लागतं. पोकळ पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) शीट फसवी. कोरोना ट्रीटमेंट, म्हणजे इंक धरावी म्हणून पृष्ठभागावर केलेली विजेची प्रक्रिया, केलेली असेल तर धरते, नसेल तर छापताना झकास दिसते आणि दुसऱ्या दिवशी सालासारखी सुटते. आमच्या चाळीस शीट अशाच गेल्या. पुरवठादार म्हणाला ट्रीटमेंट केलेली आहे, आम्ही विश्वास ठेवला. आता नवा लॉट आला की एक कोपरा छापतो, चोवीस तास ठेवतो, ब्लेडने बारीक जाळी ओढतो, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढतो. पट्टीवर रंगाचे चौकोन आले तर लॉट परत.

हेड खराब व्हायची कारणं बहुतेक मालातच असतात. यूव्हीत हेड आणि माल यांच्यात जेमतेम दीड-दोन मिमी अंतर असतं. उन्हात उभा ठेवलेला सनबोर्ड कडेला तेवढा सहज वाकतो. सेन्सर असतो, पण तो पुढची कड बघतो, मधेच उचललेला कोपरा नेहमी सापडतोच असं नाही. आमचं एक हेड असंच घासलं आणि हेडची किंमत लाखाच्या घरात असते. तेव्हापासून सनबोर्ड आडवा, सपाट पाटावर, वर वजन ठेवूनच साठवतो. ॲक्रिलिकचा कागद सोलला की त्यावर स्थिर वीज जमते, इंकचे बारीक थेंब भरकटतात, अक्षराभोवती धुकं दिसतं. ही वीज घालवणारी आयोनायझर पट्टी घ्याच. आणि आरशावर किंवा आरशासारख्या चकचकीत शीटवर छापताना इंक घट्ट करणाऱ्या यूव्ही लॅम्पची तीव्रता कमी करा. प्रकाश उलटून हेडवर पडतो आणि नोझलच्या तोंडाशीच इंक घट्ट होते. ते नोझल नंतर कितीही धुवा, उघडत नाही.

पांढऱ्या इंकशिवाय यूव्ही घेण्यात अर्थ नाही, कारण पारदर्शक ॲक्रिलिकवर उलटी छपाई आणि मागे पांढरा थर, हेच काम पैसे देतं. पण पांढरीत टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो जड, तळाला बसतो. टाकीत ढवळणी आणि इंक फिरती ठेवणारी यंत्रणा आहे का ते बघा, नुसत्या टाकीवर विसंबू नका. दिवाळीत पाच दिवस कुलूप लावून गावी गेलात तर परत आल्यावर पहिलं बिल त्याचंच असेल. आमच्याकडे सुट्टीतही एक जण रोज सकाळी येऊन मशीन चालू करतो, नोझल चेक काढतो आणि चहा पिऊन जातो.

आता पैसे. पंचवीस लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के धरा. हप्ता साधारण ५४ हजार. ऑपरेटर २२ हजार, एसीसकट वीज १० हजार, आणि हेड-सर्व्हिससाठी बाजूला ठेवायचे १५ हजार. एकूण १ लाख १ हजार. समजा नाशिकला द्यावे लागणारे पैसे वाचले, तर त्यातून इंकचा खर्च वजा करून तुमच्या हातात चौरस फुटाला ३० रुपये राहतात. मग महिन्याला ३,३६७ चौरस फूट लागतील. आठ बाय चारची शीट ३२ चौरस फूट, म्हणजे १०५ शीट. सव्वीस दिवसांत रोज चार. हे फक्त खर्च भागायला, नफा पाचव्या शीटपासून. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

म्हणून बिलबुक. मागच्या बारा महिन्यांची शीटची सगळी कामं काढा, नाशिकला पाठवलेली आणि व्हिनाइल चिकटवलेली दोन्ही. शेजारी लिहा: कोणता माल, किती फूट, पांढरी लागली का. त्यातून एकदाच आलेली लाट वगळा. मराठी पाट्यांचं आठवतं ना? २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्यांच्या कामाला एकदम उधाण आलं, इकडेही. माझ्या ओळखीच्या दोघांनी त्या दोन महिन्यांच्या जोरावर मशीन बुक केली. मशीन आली तेव्हा पाट्या लागून झाल्या होत्या. निवडणुकीचंही तसंच.

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझा कल सांगतो. रोलची दोन मशीन आहेतच, त्यामुळे रोल करू शकणारं तिसरं मशीन घेऊन तुम्ही आहे त्याचेच पुन्हा पैसे मोजाल. यादीत ॲक्रिलिक, एसीपी, काच जास्त निघाली आणि शीट महिन्याला शंभराच्या वर गेल्या तर आठ बाय चारचं फ्लॅटबेड. यादी निम्म्याहून जास्त सनबोर्डची असेल आणि बॅकलिट-वॉलपेपरचीही मागणी असेल, तर बेल्टचं चांगलं हायब्रिड. शंभराच्या खाली असाल तर अजून वर्षभर नाशिकची गाडी चालू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

बाकी तयारी थोडक्यात. तीन फेजचं कनेक्शन आणि स्वतंत्र अर्थिंग मशीन येण्याआधी करून घ्या. खोलीला एसी लागेल आणि उन्हाळ्यात हवा फार कोरडी झाली की स्थिर विजेचा त्रास वाढतो हे लक्षात असू द्या. यूव्हीला सॉल्व्हंटचा वास नाही म्हणून ती निरुपद्रवी समजू नका. कच्ची इंक कातडीला लागत राहिली की ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घालायचेच. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर लॅम्प आधी विचारा. पारा-लॅम्पचं असेल तर उष्णतेने पातळ सनबोर्ड आणि व्हिनाइल गुंडाळतात, एलईडीचंच घ्या.

डेमोला जाताना त्यांच्या शोरूमच्या गुळगुळीत शीटवर वाघाचा फोटो छापून घेऊन खूश होऊ नका. फोटोत सगळं लपतं. तुमचा माल न्या आणि फाइल मराठी न्या. बारीक अक्षरांत "राष्ट्र, क्षेत्र, ज्ञानेश्वरी" असं काहीतरी, काळ्यावर पांढरं. काना आणि अक्षरांच्या दांड्या दुहेरी दिसल्या तर हेडची जाता-येतानाची ओळ जुळत नाही. शिरोरेषेची जाडी ओळीगणिक बदलली किंवा तिच्यात केसाएवढी फट दिसली तर फीडचं पाऊल चुकतंय. मग आठ फुटी शीटवर कडेने एक चौकट छापायला सांगा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन मिमीहून जास्त फरक आला तर कारण विचारा, आणि "आज नीट लावलं नव्हतं" असं उत्तर आलं तर पुन्हा लावायला लावा. हायब्रिड असेल तर दहा मीटर रोल सलग चालवून घ्या, दोन मीटरवर समाधान मानू नका. तिरकेपणा सहाव्या-सातव्या मीटरनंतर दिसायला लागतो. आणि शीटवरून रोलवर येताना त्यांच्याच माणसाला किती मिनिटं लागतात ते मोबाइलवर मोजा.

सनबोर्डचा तुकडा मात्र दुकानाबाहेर दोन दिवस उन्हात ठेवलेला, जरासा वाकलेला घेऊन जा. सपाट तुकडे त्यांच्याकडे असतातच.